न्यू जर्सीपेक्षा लांब टोकियो

तोयोसु, टोकियो
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत, बाबांचं पथ्य चालू आहे ना, हे रीतीप्रमाणे विचारते. इथे थंडी सुरू झाली. स्वानंद बरा आहे. फोनवर मी चिडले की तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते, म्हणून पत्र. आता रडलीस तरी मला ऐकू येणार नाही.

काल नेटवर बघितलं. मुंबई ते टोकियो थेट विमानाने साधारण साडेआठ तास, पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास. मुंबई ते न्यूअर्क पंधरा-सोळा तास, साडेबारा हजार किलोमीटर. तिथे न्यू जर्सीत अनुरागदादाकडे तू दोनदा गेलीस. वहिनीच्या बाळंतपणाला सहा महिने राहिलीस, गुडघ्यांना पट्टे बांधून. आणि मला काय म्हणालीस? "बाई गं, एवढा लांबचा प्रवास मला नाही झेपायचा." दुप्पट झेपलं, निम्मं झेपेना! नाचायचंच नव्हतं, म्हणून अंगण वाकडं.

तेही मी गिळलं होतं. पण परवा जयंतीमावशीच्या तोंडून निघून गेलं, "अगं, रेखाचं मन जुनं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही म्हणते, मग तिथे जाऊन राहणार कशी?"

म्हणजे सगळं अडलं होतं ते ताटावर. आणि मी वेडी तुझ्यासाठी व्हीलचेअर मिळेल अशी विमानं शोधत बसले होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, सातव्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा हॉस्पिटलमधूनच तुला फोन केला होता. "आई, ये" एवढंच म्हटलं. तू म्हणालीस, लांब आहे. त्याच्या त्या एवढ्याशा पेटीवर ठेवायला फुलं आणली वरच्या मजल्यावरच्या मात्सुदाबाईंनी. मला दूध आलं होतं, आई. ते आटवायला काय करायचं, हे त्या परक्या बाईने मला खाणाखुणांनी सांगितलं. घरी गरम वरणभात करून घालणारं कोणी नव्हतं. स्वानंद कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, त्या चोवीस तास उघड्या दुकानातून, थंड भाताचे गोळे आणायचा, तेच खाल्ले.

आता बातमी. तू तारीख महिनाअखेरची धरून बसली असशील. गेल्या आठवड्यातच मला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. तुला कळवायचं नाही, असं स्वानंदला मीच बजावलं होतं.

हे वाचून तू बॅग भरायला घेशील. आता तुझा नियम सुटला ना! माझ्या घरी जेवायला तू मोकळी.

तर ऐक. तो नियम गेल्या वर्षी मार्चमध्येच सुटला होता. मला मूल झालं होतं. त्याला नखं होती, बाबांसारखं नाक होतं. तूच त्याला मोजलं नाहीस.

यायचं तर ये. पण माझ्या घरचा पहिला घास घेण्याआधी त्याचं नाव घ्यायचं. ओजस. तू कधी विचारलंच नव्हतंस. जमणार नसेल, तर दादाचं घर आहेच.

तुझ्या दोन नातवंडांची आई,
ज्ञानदा