गयाबाईचा भरला कप

मंगळवार, सांजवेळ

लिही गं पोरी, मी सांगते तसंच. आज शहरातले पाहुणे कापसाच्या जुन्या जिनिंगचा कोरडा कालवा बघायला आल्ते. जिनिंगच्या बॉयलरचा कोळसा पूर्वी त्या कालव्यातनं होडीनं यायचा. माझ्याच ओट्यावर रोज बसणाऱ्या गयाबाईकडं मी बोट केलं, "हिला इचारा. हिच्या घरचा कोळसा अजून धुऊन निघाला न्हाई!" सगळे हसले. गया बी हसली. मंग म्हणली, "माय दोर खांद्यावर घेऊन होडी वढायची. मी पोटात असताना बी." अन् उठून गेली. चहाला तोंडसुद्धा लावलं न्हाई. कप भरलेलाच. उद्या येईल का ती? पाहुण्यांनी मला कालव्याचं पुढचं इचारलं. जन्मभर मी गयाच्या घराला कोळशेवाले म्हणून चिडवलं. कालव्याचं मला दुसरं काहीच माहीत न्हाई.