बाबांची जन्मतारीख

प्रिय ठकू,

फोनवर तू बाबांचं पूर्ण नाव, जन्मगाव आणि जन्मतारीख मागितलीस. एका फॉर्मसाठी हवंय म्हणालीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबा होते तोवर त्यांच्या वाढदिवसाची तुला मी आठवण करून द्यायचे. ते जाऊन दोन वर्षं झाल्यावर त्यांच्या तारखेची एवढी निकड कोणाला?

तू नव्याने धरलेल्या पंथाच्या मंडळीतल्या दोघी मागच्या महिन्यात येऊन गेल्या. गोड बोलल्या, उठून कपबश्याही विसळल्या. फार गोड माणसांची मला धास्तीच वाटते. बाबांच्या फोटोकडे बघत एकीने विचारलं, काकांचा बाप्तिस्मा झाला होता का? मी चहा गाळत राहिले. त्यांनी 'विसरलेली' पुस्तिका मी पेन्सिल घेऊन तीनदा वाचली. आपण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव मानतो. त्यांच्यात ते तिघं वेगळे, फक्त एकविचाराचे. आपलं शास्त्र बायबलापाशी पुरं होतं. त्यांच्या संस्थापकाला देवाकडून त्यापुढचंही ऐकू आलं, आणि तेही शास्त्रच. शब्द सगळे आपलेच, पण आपल्या घरातलं सामान कोणीतरी परस्पर हलवून ठेवावं तसे. तेही मी ज्याची त्याची श्रद्धा म्हणून सोडलं असतं. पण सतराव्या पानावर कळलं, की मेलेल्याच्या नावाने जिवंत माणूस पाण्यात उतरतो आणि तो बाप्तिस्मा मेलेल्याचा धरतात. ठकू, तुझा फॉर्म तो हाच ना?

बाबा चाळीस वर्षं माझ्याबरोबर चर्चमध्ये आले, शेवटच्या बाकावर बसले, पण बाप्तिस्मा घेतला नाही, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला कधी उठले नाहीत. चर्चच्या दाराचं कुलूप अडलं की दुरुस्त करणारे मात्र तेच. पाळकसाहेब छेडायचे, दार उघडून देता, आत कधी येणार? त्यावर हे म्हणायचे, किल्लीवाल्याने दार उघडावं, बोलावल्याशिवाय आत शिरू नये, धंद्याचा नियम आहे. सगळे हसायचे. मला मात्र त्यांनी एकदा नीट बसवून सांगितलं होतं, की जे मनाला पटत नाही ते तुझ्या समाधानासाठी करणार नाही. ती देवाशी लबाडी होईल.

म्हणून तारीख मी देणार नाही. पण तेवढं फोनवरही सांगता आलं असतं. शेवटच्या दुपारी दवाखान्यात ते शुद्धीवर नव्हते. नर्स बाहेर गेली तशी मी पेल्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांच्या कपाळावर सोडलं. आपल्यात प्राणावर बेतलं असता बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, आणि तो आयुष्यात एकदाच. पाळकसाहेबांनाही मी हे बोललेले नाही. तुझ्या पुस्तिकेत निदान एवढं तरी लिहिलंय, की मेलेल्याला नको म्हणायची मोकळीक असते. मी बाबांना तीही ठेवली नाही. नको म्हणालेल्या माणसावर मी ते लादलं, आणि अजून त्याची माफी कोणाकडे मागावी ते मला कळलेलं नाही. तू तरी त्यांना राहू दे.

तुझीच,
आई