चावडीच्या भिंतीवरचे बाण

१ फेब्रुवारी १९४५, गुरुवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. दगडाची खाण बंद पडून चार वर्षं झाली, तरी गाव मला अजून मुनशीच म्हणतं. यावरून माणसाची किंमत कळते. रुद्रम्मा म्हणते, दुसरं काय म्हणणार, दुसरं काम कुठं करताय. बायकोला मोठेपण दिसत नसतं.
मुलीचं, इरम्माचं, लग्न बावीस तारखेला आपल्या चावडीत. गावात छपराखालची मोठी जागा तेवढी एकच. भिंतींना चुना मारून घ्यायची जबाबदारी माझी. भरपूर टाईम आहे.

४ फेब्रुवारी
चुन्यासाठी भिंती बघायला गेलो आणि थक्क झालो. दगडांवर खुणा. त्रिशूळ, मासे, आणि बाण तर पंधरा-वीस. चावडी खाणीच्या ठेकेदारानं जाता जाता फुकट बांधून दिलेली. एक नंबरचा चिक्कू माणूस. तो गावाला फुकट काही देईल? खाली नक्की धन पुरलंय. अकरा वर्षं त्याच्या ऑफिसात बसलो, त्याचं डोकं मला नाही कळणार तर कुणाला?
धन निघालं की लग्न असं करीन की ढोकीचे व्याही तोंडात बोट घालतील. चुना थांबवला. खुणा झाकल्या जातील.

६ फेब्रुवारी
बाणांचा प्लॅन कागदावर काढला. काही डावीकडं, काही जमिनीकडं, एक तर सरळ आभाळाकडं. ठेकेदार लई पोचलेला.
मेहुणा सोमलिंग म्हणाला, दाजी, दगडोबाला विचारा की, हे दगड त्यानंच घडवलेत. म्हटलं, छिन्नी चालवणाऱ्याला डोक्याचं काम काय कळणार. मी खाणीत कधी उतरलो नाही, धूळ सोसत नाही. पण वरून सगळं दिसतं.

११ फेब्रुवारी, महाशिवरात्र, दुपार
गाव देवळात. मी आणि सोमलिंग चावडीत. कोपऱ्यातल्या दोन फरश्या काढल्या. म्हणजे एक काढली, एक फुटली. ती आधीच कमजोर होती. दिवसभर काही खायचं नाही असं ठरवलं होतं, पण खणायला जोर लागतो. दोन वाजता रताळी खाल्ली.
मोडकी छिन्नी सापडली. पहिला पुरावा.

१३ फेब्रुवारी
रुद्रम्माला कळलं. अवो, लगीन तोंडावर आलंय आन् तुमी चावडी उकरताय व्हय, असं तिनं विचारलं. शांतपणे सगळं समजावलं. ती आत निघून गेली. पटलं असावं.

१५ फेब्रुवारी
चौथा खड्डा. सोमलिंगची पाठ धरली, तो घरी पडून. असल्या माणसांना घेऊन मोठी कामं होत नाहीत. उद्यापासून पहाटे चारला उठून एकट्यानं खणायचं.

१६ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ
आत्ताच उठलो.

१७ फेब्रुवारी, शनिवार
ढोकीहून नवऱ्या मुलाचे चुलते महालिंगप्पा चावडी बघायला आले. आढ्याकडं बघत चालले होते, हा त्यांचाच दोष. चौथ्या खड्ड्यात गेले. पाय मुरगळला. जाताना म्हणाले, मंगळवारपर्यंत जागा नीट झाली न्हाय तर आमाला दुसरं घर बघावं लागंल.
इरम्मा ऐकत होती. चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली, नेहमीपेक्षा जोरात. मला भीती वाटली. जेवलो नाही. थोडं जेवलो.

१८ फेब्रुवारी
दगडोबाकडं गेलो. आपणहून. रुद्रम्मा फक्त पुढं चालत होती.
तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, मुनशीसाब, ज्यानं त्यानं आपल्या दगडावर आपली खूण पाडायची, ह्यो हुकूम तुमीच काढला हुता. तिरशूळ माझा, मासा गोरोबाचा. मी विचारलं, आणि बाण? म्हणाला, बाण म्हंजी तुमी नापास केलेला दगूड. ढीग पडला हुता, कुणी घेईना, मग ठेकेदारानं त्येचीच चावडी बांधली.
हुकूम आठवला. खाली सही माझीच होती. सही चांगली आली होती.

२० फेब्रुवारी, मंगळवार
दगडोबा, गोरोबा आणि खाणीतली जुनी सात-आठ माणसं दोन दिवस राबली. माती चोपली, फरशी बसवली, भिंतींना चुनाही मारला. यातल्या प्रत्येकाचा दगड मी कधी ना कधी नापास केलेला आहे. कुणी तो विषय काढला नाही. देखरेख माझी. दगडोबानं ती दाराबाहेर बसून करायला सांगितली.
महालिंगप्पा लंगडत आले. काठी आपटत सगळी जमीन तपासली आणि मान डोलावली. इरम्मा आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. चहा घ्या म्हणाली.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
लग्न झालं. लग्न लावायला जंगमस्वामी वेळेवर आले, चावडी गच्च भरली, कुणी पडलं नाही.
निघताना इरम्मा आधी दगडोबाच्या पाया पडली, मग माझ्या. तो दाराजवळ उभा होता, म्हणून. उठताना हळूच म्हणाली, अप्पा, माझ्या मागं आईला तरास देऊ नका, आन् घरातली जमीन तेवढी उकरू नका. शब्द दिला.
बैलगाडी ढोकीच्या वाटेला लागली आणि मला रडू आलं. लपवून उपयोग नाही, रुद्रम्मानं बघितलंय. इरम्मा गेली, घर खायला उठतंय. उद्याचा प्लॅन काही नाही.