मेणकापडाचा कप्पा

तंजावूर, मंगळवार संध्याकाळ

मालिनी व्हिएतनामच्या कारखान्यात पोचली. नव्या प्रवासी बॅगेचा नमुना शिवला मी, पण मालकांनी पाठवलं माझ्या धाकट्या बहिणीला. का, तर तिचं इंग्रजी फर्डं. फोटोत माझी बॅग पोटाशी धरून हसतेय. हसू दे. मला काय!

आतला मेणकापडाचा कप्पा माझ्या डोक्यातून आलेला. केळीच्या पानात बांधलेल्या चिंचेच्या भाताचं तेल साड्यांना लागू नये म्हणून.

आत्ता तिचा फोन. "अक्का, इथले विचारताहेत, तो कप्पा कशाला? नको असेल तर काढतात."

एवढंही ठाऊक नाही? दर प्रवासात भात कोण बांधून देतं हिला?

"आठवत नाही गं," म्हणाले आणि फोन ठेवला.

माझाच कप्पा. मीच उसवला.