नाशकातली नोकरी

खर्डी

प्रिय स्नेहल,

मोबाइलवर रोज तुझे मेसेज येत असताना मी हाताने लिहायला बसलेय, याचं तुला नवल वाटेल. पण शेवटपर्यंत वाच गो.

नाशकाहून तुझा मेसेज आला, 'कॉम्प्युटरवर काम आहे, राहायची सोय आहे, तू पण ये', तेव्हा मी हरखलेच. शहापूरचा कॉम्प्युटर क्लास संपल्यापासून मी नोकरीच शोधतेय. सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं, दिसेल तिथे बायोडाटा पाठवला. तो तूच टाइप करून दिला होतास. 'आवड' म्हणून मी 'झोपणे' सांगितलं तेव्हा किती हसलीस! कुठूनच उत्तर येत नव्हतं, आणि इकडे तू बोलवत होतीस. मी बॅग भरायच्या बेतात होते.

पण प्रियांका मॅडमनी क्लासात सांगितलेलं डोक्यातून जाईना. जाहिरात कोणीही पाठवो, आधी पत्ता बघायचा, मग आनंद करायचा. क्लासात जाऊन तुझ्या कंपनीचा पत्ता नकाशावर टाकला. ऑफिस नाय, बंद पडलेलं मंगल कार्यालय दिसलं. तू पाठवलेला ऑफिसचा फोटो शोधला, तर तोच फोटो परदेशातल्या एका फर्निचरच्या दुकानाच्या साइटवर. मग कंपनीचं नाव टाकून वाचत गेले. एका मुलाने लिहिलं होतं, इथे नोकरी वगैरे काही नसते, ओळखीच्यांना बोलवून आणायचं हेच काम, आणि आत गेलं की मोबाइल आणि दाखले काढून घेतात.

मला तुझाच राग आला, स्नेहल. वाटलं, माणूस आणलं की हिला काहीतरी मिळत असणार, म्हणून ही मलाच विकायला निघाली. मी वरून गोड बोलत राहिले आणि तुझा एकेक शब्द तपासत राहिले. 'कुठे मेलीस गो' लिहिणारी तू, आता 'प्रिय मैत्रिणी, अशी संधी पुन्हा येणार नाही' लिहायला लागलीस. फोन लावला की कट. मग मी मुद्दाम खोटंच लिहिलं, 'बाळीच्या लग्नात आपण किती नाचलो, आठवतं?' लगेच उत्तर आलं, 'हो, खूप मजा आली होती. तू कधी येतेस?'

बाळी आमची म्हैस. तिची लाथ खाल्लेली तू, तुला हे ठाऊक नाय असं कसं होईल? मी फोन उलटा ठेवून दिला. इतके दिवस मी कोणाशी बोलत होते?

दुसऱ्या दिवशी मुरबाड गाठून तुमच्या गावी गेले. तुझी आई भात वाळवत बसली होती. 'पोरगी रोज मजेत हाय म्हनून लिवते,' कमळकाकी म्हणाल्या, 'पन तिचा आवाज कानी पडला नाय.' मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, 'चल, कुठं जायचं ते सांग.'

काकींनी तुझ्या नंबरवर कळवलं, 'पोरीला भेटायला येते, नाय भेटवलं तर गावच घेऊन येते.' तेव्हा तुझा फोन धरून बसलेल्यांनी भेटीचा पत्ता दिला, आणि तो कंपनीच्या पत्त्याहून वेगळाच निघाला. तुझा मोबाइल त्यांच्याच हातात, म्हणून हे पत्र. काकी ते कोणाच्या नकळत तुझ्या हातात देतील. तू वाचशील तेव्हा मी रस्त्यापलीकडे जीपमध्ये असेन. सोबत माझा भाऊ हरेश आहे, आणि तक्रार नोंदवून घेतलेले हवालदार आहेत. सामान राहू दे, दाखले नंतर मागून घेऊ. आईचा हात धर आणि चालत ये. माझ्या मनात एक शंका अजून आहे, ती लपवत नाय. कदाचित तू तिथे स्वतःच्या मर्जीने असशील. तसं असेल तर हा कागद त्यांना खुशाल दाखव. तरी तुझ्या तोंडून नकार ऐकेपर्यंत मी तिथून हलणार नाय.

तुझीच, वाट बघणारी,
दर्शना