खटक्याच्या कुलपाची दुसरी किल्ली

ता. १२ आक्टोबर १९५४, कोपरी
खंडेनवमीपासून वहीला हात लावला नाही. फार उशीर झाला, चुकलंच.
कापूस पिंजायच्या यंत्रात फिटर उतरला की त्याची टोपी बाहेर विजेच्या खटक्याला टांगायची. टोपी असेतो खटका ओढायचा नाही. मी गिरणीत फिटर असताना ही रीत मीच घातली. आता चि. गणपत तिथंच फिटर. नवमीला त्याचा जोडीदार महादू आत रूळ पुसत होता. शेठ पूजेला येणार, म्हणून कुणीतरी ती मळकी टोपी काढली आणि खटक्याला झेंडूचा हार घातला. नारळ फुटला, खटका ओढला. महादूची दोन बोटं गेली.
त्या जागी गणपत असता तर

ता. १४
सुचलं! खटक्याला कुलूप! आत उतरेल त्यानंच लावायचं, किल्ली त्याच्याच खिशात. टोपी कुणीही काढील, कुलूप कसं काढील? हिच्या ट्रंकेचं पितळी कुलूप उचललं. ही म्हणाली, "आणि माझ्या लुगड्यांची राखण कोण करणार, तुम्ही?"
गणपत हसला. "बाबा, खटका काय पळून जातोय?" पण घेऊन गेला.

ता. १६
फोरमन हो म्हणाला! सोमवारी पहिल्यांदा लावणार. खटक्याच्या कडीचं भोक मी स्वतः जाऊन कानशीनं मोठं केलं. महादू आलेला, हाताला फडकं. म्हणाला, "काका, जरा आधी सुचायचं होतं."
फोरमननं दुसरी किल्ली मागितली, अडीनडीला. दिली नाही. त्याच्याही हाती किल्ली असली, तर मग कुलूप कशाला? करगोट्याला बांधून ठेवली आहे.

ता. १८, सोमवार, दुपारचे तीन
सकाळपासून एका जागी बसवत नाही. गणपत आठला यंत्रात उतरणार होता, जेवणाआधी बाहेर.
आत्ता गिरणीचा शिपाई सायकलवर आलेला. "फोरमनसाहेबांनी दुसरी किल्ली मागितलीय. यंत्र चालू करायचंय."
"गणपत कुठाय?"
"मला काय ठाऊक? किल्ली आण म्हणाले."
त्याच्याकडची हरवली असेल. आत पडली असेल. नाहीतर तो अजून आतच
ही म्हणते, "अहो द्या, पोराची नोकरी जाईल." जाऊ दे. शिपायाला परत धाडला: "गणपतच्या हातच्या दोन ओळी आण, मग किल्ली."
साडेतीन झाले. गणपत, बाबा रे, दोन अक्षरं खरड, लवकर धाड. तोवर करगोट्याची गाठ सोडत नाही.