बहादूरची समाधी

१० सप्टेंबर १९६१, पोळा

यंदाही पहिला नैवेद्य कुत्र्यालेच! बैल दारात सजून उभे, अन् पंजाबराव पाटलाच्या घरची पहिली पुरणपोळी वेशीबाहेर बहादूरच्या समाधीवर. शाळेतून येताना रोज तो दगड मले दिसतेच. 'शूर शिकारी कुत्रा बहादूर. यानं वाघ अडवून धन्याचा जीव राखला. सन १९३८.' अक्षरात शेंदूर भरलेला. कुत्रं चावलेले लोक पार झरी-जामणीहून येतात, तिथली माती जखमेले लावतात.

त्याच शिकारीत माहा बा गेला. उकंडा, गावचा वेसकर, वेशीचा राखणदार. वाघ उठवाले हाकाऱ्यात सगळ्याच्या म्होरं तोच होता. त्याचं नाव कुठीच नाही. "वाघानं ओढून नेला, काहीच सापडलं नाही" — एवढं आईले सांगतलं अन् झालं. मी सात वर्षांची होती.

२ ऑक्टोबर

पंचायतीनं ठरवलं — समाधीवर आता घुमटाची छत्री बांधायची. घरटी एका माणसाचं श्रमदान. आमच्या बौद्ध वस्तीचं पण!

गेली तशीच पंचायतीत. म्हटलं, श्रमदान करू, पण खाली एक ओळ बाच्या नावाची टाका. पंजाबराव हसला. "मास्तरीणबाई, उकंडाचं नाव टाकलं तर त्या दगडावर हळदकुंकू कोण वाहीन?" बाकीचे मान खाली घालून सुपारी कातरत बसले.

दीक्षा घेऊन पाच वर्षं झाली, अन् यांच्या लेखी आम्ही अजून त्या कुत्र्याच्या खालीच.

३ ऑक्टोबर

आईशी भांडली. उगाच. राग पाटलाचा, निघाला तिच्यावर. म्हटलं, कायले लावतं ते कुंकू अजून? विहिरीवरच्या बाया हसतात तुले.

"हसू दे," म्हणे. "म्या प्रेत पाह्यलं नाही, माती दिली नाही. मंग रांडपण कायचं घेऊ?"

मंग आपल्याच मनानं बोलत बसली. बाच्या वेसकरीच्या घुंगराच्या काठीचं. त्या दिवशी काठी त्याच्या हातातच होती. एक घुंगरू सुटून राह्यलं होतं, ते आईनं पायातलं जोडवं वाकवून बसवलं होतं. "आवाजावरून वळखू ये मले, आले म्हणून." वस्तीनं वेसकरी सोडली तवा साऱ्याईनं काठ्या जाळल्या. आमच्या घरी जाळाले काठीच नव्हती.

"ज्याची काठी त्याच्याजवळ हाये," म्हणे.

मी भाकरी थापाले बसली.

१९ ऑक्टोबर

वस्तीतून श्रमदानाले कोणीच जाणार नाही. ठरलं. पाटलानं आपले सालदार लावावे.

५ नोव्हेंबर

आज तर हद्द झाली. छत्रीच्या पायासाठी समाधी खणणार ऐकलं अन् पंजाबरावाचा बाप, सदाशिवराव, बैलाच्या दमणीतून तिथं आला. त्या शिकारीत बंदूक याच्याच हाती होती. आता अंगावरून वारं गेलेलं, दोघाईनं धरून उतरवला. दगडाले मिठी मारून बसला. "खणू नका. हाये तसं राहू द्या." लेकरासारखा रडत होता.

"बाबाचा लई जीव होता बहादूरवर," पंजाबराव सांगत होता. बायाईनं डोळ्याले पदर लावले. मले असा राग आला, वाटलं जाऊन विचारावं — म्हाताऱ्या, उकंडासाठी एक टिपूस तरी गाळलं होतं का? नाही विचारलं. शाळेची पोरं संग होती. आता जळून राह्यली.

१३ नोव्हेंबर

पंजाबरावानं बापाचं ऐकलं नाही. घुमट मोठा पाह्यजे, म्हणून पाया पुरुषभर खोल खणला. दुपारी त्याचा सालदार देवसिंग धावत शाळेत आला. "बाई, चला. आईले पण घ्या."

कुत्र्याचं एक हाड नाही. माणूस हाये. छातीच्या हाडात शिशाची गोळी. वाघ काही बंदूक चालवत नाही.

आमच्या वस्तीतला बाबाराव सायकलवर पांढरकवड्याले गेला, पोलिसाले आणाले. पंजाबराव बांधावर बसला होता.

काठीचं लाकूड सडून मातीत गेलं होतं. घुंगरं होती. देवसिंगनं ओंजळीत धरून आईपुढं केली. तिनं त्यातलं काळं पडलेलं जोडवं तेवढं उचललं, पदरानं पुसलं, पाह्यलं. मंग त्याच पदरानं कुंकू पुसलं.

"चाल," म्हणे. "माती देऊ."